१९१२ ची निर्णायक लढत कागदावर: जुना बेसबॉल सामना हाताने नोंदवायची रीत

१६ ऑक्टोबर १९१२ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर बोस्टन रेड सॉक्सने न्यूयॉर्क जायंट्सला दहाव्या इनिंगमध्ये (नेहमीच्या नऊनंतरच्या जादा इनिंगमध्ये) ३-२ असं हरवलं आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका, जिंकली. या सामन्याचा विषय निघाला की जायंट्सच्या फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून सुटलेला झेल तेवढा सांगितला जातो. पण तो झेल सुटल्यानंतर आणखी पाच बॅटर आले, एक अवघड झेल टिपला गेला, दोन वॉक (चार चुकीचे चेंडू टाकल्यामुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले गेले आणि एक सोपा फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका) तीन खेळाडूंच्या मधोमध जमिनीवर पडला. एका माणसाच्या माथी सामना मारला जातो तेव्हा हे सगळं गळून पडतं. ते परत जागच्या जागी बसवायचं असेल तर त्या दिवसाचं स्कोअरकार्ड स्वतःच्या हाताने भरावं. पहिल्यांदा करताना दोन-अडीच तास जातात, पण त्यानंतर कुठलाही जुना सामना याच पद्धतीने उतरवता येतो.

आधी योग्य सामना हाती आहे ना, ते बघा. या मालिकेत आठ सामने झाले. दुसरा सामना अकरा इनिंगनंतर ६-६ असा बरोबरीत असताना अंधारामुळे थांबवला गेला आणि तसाच बरोबरीत धरला गेला, म्हणून चार विजयांची मालिका आठव्या सामन्यापर्यंत लांबली. जुन्या अंकांत ‘सातवा सामना’ शोधाल तर आदल्या दिवशीचा, जायंट्सने ११-४ असा जिंकलेला सामना सापडेल. क्रमांकावर न जाता तारखेवर जा: खेळ १६ तारखेचा, म्हणजे सकाळच्या दैनिकांचा १७ ऑक्टोबर १९१२ चा अंक. त्या काळची मोठी अमेरिकन दैनिकं वर्ल्ड सिरीजचा इनिंगवार, बॅटरवार वृत्तांत छापत. आपल्याला तोच हवा. नुसता आकड्यांचा तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, हाताशी असला तर उत्तमच. तो शेवटी ताळा करायला लागतो. मात्र त्यावरून चौकटी भरता येत नाहीत, कारण त्यात कोणी काय केलं ते असतं, कधी केलं ते नसतं.

कागद आखताना

ए-फोर आकाराचे दोन कागद घ्या, एका संघाला एक. एचबी पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर. एचबीपेक्षा मऊ पेन्सिलची रेघ हात फिरला की फासते. पेन वापरू नका. वृत्तांत वाचताना पुढच्या वाक्यात मागच्या खेळीचा खुलासा येतो आणि मग आधीचं खोडावं लागतं.

कागद आडवा धरा. डावीकडे ४ सेंटीमीटर नावांसाठी, पुढे १ सेंटीमीटर खेळाडूच्या जागेसाठी, त्यानंतर दीड सेंटीमीटरचे बारा रकाने इनिंगसाठी आणि उजव्या कडेला पाऊण सेंटीमीटरचे सहा रकाने बेरजांसाठी. ही रुंदी साडेसत्तावीस सेंटीमीटर होते आणि कागद २९.७ चा असतो, म्हणजे दोन्हीकडे समास उरतो. छापील तक्त्यात नऊच रकाने असतील तर तो या सामन्याला पुरणार नाही. दहावी इनिंग दुसऱ्या कागदावर ढकलली की सगळा अर्थ तिथेच तुटतो.

उंचीचं गणित थोडं वेगळं आहे. बॅटिंग क्रमाच्या पहिल्या आठ ओळी प्रत्येकी दीड सेंटीमीटर आणि नववी ओळ २ सेंटीमीटर ठेवा. नावाच्या जागेत अर्ध्या सेंटीमीटरला एक नाव बसतं. बोस्टनच्या नवव्या जागेवर त्या दिवशी एकामागून एक चार माणसं आली. ओळ लहान ठेवली तर चौथं नाव, म्हणजे नेमका क्लाईड एंगल, समासात जातो. ओळींची एकूण उंची १४ सेंटीमीटर झाली. उरलेल्या ७ पैकी २ वर शीर्षकासाठी आणि ५ खाली पिचर (चेंडू टाकणारे) आणि टिपांसाठी ठेवा. टिपांची जागा वाचवू नका, ती लागणारच आहे.

खेळाडूच्या शर्टावरच्या क्रमांकाचा रकाना मात्र काढू नका. १९१२ मध्ये शर्टावर क्रमांक नव्हते. मोठ्या संघांनी ते नियमितपणे लावायला १९२९ पासून सुरुवात केली.

जागांचे आकडे आणि त्या दिवशीचे संघ

स्कोअरकार्डात फील्डरचं नाव लिहीत नाहीत, त्याच्या जागेचा आकडा लिहितात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८, राइट फील्ड ९. नवख्याचा गोंधळ हमखास ५ आणि ६ मध्ये होतो. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, म्हणून हात आपोआप त्याला ५ देतो. आधी तिन्ही बेस मोजायचे, शॉर्टस्टॉप त्यानंतर, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

पाहुणे जायंट्स, बॅटिंगच्या क्रमाने: डेव्होर (९), डॉयल (४), स्नॉडग्रास (८), मरे (७), मर्कल (३), हर्झॉग (५), मायर्स (२), फ्लेचर (६), मॅथ्यूसन (१). पुढे फ्लेचरच्या जागी मॅकॉर्मिक बॅटिंगला आला आणि त्यानंतर शॉर्टस्टॉपला शेफर उभा राहिला. ही दोन्ही नावं आठव्या ओळीत फ्लेचरखाली लिहा.

यजमान रेड सॉक्स: हूपर (९), यर्कस (४), स्पीकर (८), लुईस (७), गार्डनर (५), स्टाल (३), वॅग्नर (६), केडी (२), बेडियंट (१). नवव्या ओळीत बेडियंटखाली हेन्रिक्सन, त्याखाली वुड, त्याखाली एंगल. हेन्रिक्सन आणि एंगल हे फक्त बॅटिंगपुरते आलेले बदली खेळाडू. त्यांच्या जागेच्या रकान्यात आकडा नको, ‘बदली’ लिहा. खेळाडू बदलला की नव्या माणसाच्या पहिल्या चौकटीच्या डाव्या कडेला नागमोडी उभी रेघ ओढायची. ती रेघ विसरलात तर हेन्रिक्सनचा डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) बेरजेत बेडियंटच्या नावावर जमा होतो.

इथे नावांचाही एक सापळा आहे. बोस्टनचा शॉर्टस्टॉप हायनी वॅग्नर आणि पिट्सबर्गचा प्रसिद्ध होनस वॅग्नर, दोघंही शॉर्टस्टॉप आणि दोघंही त्याच काळातले. या सामन्यातला वॅग्नर म्हणजे हायनी.

एका चौकटीत काय काय मावतं

प्रत्येक चौकटीत एक लहान तिरपा चौकोन फिकट काढा. खालचा कोपरा होम (बॅटिंगची जागा), उजवा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. बॅटर जसजसा पुढे जाईल तसतशी ती बाजू गडद करायची. चारही बाजू पुऱ्या झाल्या तर धाव. चौकोन आतून रंगवून टाका. बाद झाला तर कितवा बाद ते चौकटीच्या कोपऱ्यात वर्तुळात लिहा.

आता आकडे तीन प्रकारचे झाले आणि ते एकमेकांत मिसळू न देणं हेच या कामातलं कौशल्य आहे. बिनकंसाचा आकडा म्हणजे फील्डरची जागा. वर्तुळातला आकडा म्हणजे कितवा बाद. कंसातला आकडा म्हणजे बॅटिंग क्रमातला तो बॅटर, ज्याच्या खेळीमुळे हा धावपटू पुढे सरकला. म्हणजे एखाद्याच्या होमकडे जाणाऱ्या बाजूशेजारी (३) असेल, तर तिसऱ्या क्रमांकाच्या बॅटरने त्याला घरी आणलं. कंस विसरलात तर तोच ३ पहिल्या बेसवरचा फील्डर होऊन बसतो.

हिटसाठी, म्हणजे बॅटरला स्वतःच्या बळावर बेस मिळवून देणाऱ्या फटक्यासाठी, जुनी रीत सगळ्यात सुटसुटीत आहे: सिंगलला एक आडवी रेघ, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होम रनला चार. त्या रेघांशेजारी चेंडू ज्याच्याकडे गेला त्याचा आकडा. जमिनीवरून मारलेला चेंडू उचलून फेकला आणि बॅटर बाद झाला तर फेकणारा आणि घेणारा, मधे छोटी रेघ: शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसला फेकलं तर ६-३. उंच फटक्याचा झेल ‘एफ’ आणि आकडा. वॉकला ‘बीबी’. फील्डरची चूक ‘ई’ आणि आकडा. स्ट्राइकआऊटला (तीन स्ट्राइकवर बाद) ‘के’. हा ‘के’ हेन्री चॅडविक या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकाराचा: इंग्रजीत ‘स्ट्रक’ या शब्दाचं जे शेवटचं अक्षर, ते त्याने निवडलं आणि ते आजवर टिकलं.

इनिंगचा तिसरा बाद झाला की त्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक तिरपी रेघ मारा. पुढच्या इनिंगला पहिला बॅटर कोण, हे त्या रेघेवरून कळतं. वृत्तांत उतरवताना एखादा बॅटर गळला तर सगळ्यात आधी हीच साखळी तुटते. पुढच्या इनिंगचा पहिला बॅटर रेघेच्या खालचा नसेल तर तिथेच थांबा आणि मागे शोधा. पुढे जाऊन जुळेल अशी आशा धरू नका, जुळत नाही.

जुन्या वृत्तांतांची भाषाही थोडी ओळखीची करून घ्यावी लागते. ‘टू-बॅगर’ म्हणजे डबल. ‘फॅन्ड’ म्हणजे स्ट्राइकआऊट. ‘पास’ मिळाला म्हणजे वॉक मिळाला. ‘मफ’ म्हणजे हातात आलेला झेल सोडला. या शब्दापुढे ‘ई’ लिहायचा. ‘अमक्याने तमक्याला थ्रो करून बाद केलं’ असं वाक्य असेल आणि कोणी घेतलं ते लिहिलं नसेल, तर घेणारा पहिल्या बेसवरचा ३ धरायचा. दुसरा कोणी असेल तर वार्ताहर सहसा तसं सांगतो.

सरावासाठी सातवी इनिंग

तिसऱ्या इनिंगमध्ये जायंट्सने पहिली धाव काढली: डेव्होर वॉकवर बेसवर गेला, पुढच्या दोघांच्या बाद होण्यावर एकेक बेस सरकला आणि मरेच्या डबलवर घरी आला. डेव्होरच्या चौकटीत चार बाजूंशेजारी क्रमाने बीबी, (२), (३), (४) येतं. इतकं सरळ वाचता येणारं उदाहरण सहसा मिळत नाही.

बोस्टनने बरोबरी साधली ती सातव्या इनिंगमध्ये, आणि हात बसवायला ती चांगली आहे. गार्डनर पहिला बाद. स्टालचा फटका फील्डरांच्या मधे पडला, सिंगल. वॅग्नरला वॉक, स्टाल दुसऱ्यावर, शेजारी (७). केडीचा उंच फटका शॉर्टस्टॉपने घेतला: एफ६, वर्तुळात २. आता बेडियंटच्या जागी हेन्रिक्सन. नागमोडी रेघ ओढा, मग लिहा. त्याचा डबल तिसऱ्या बेसच्या बाजूने गेला, स्टाल घरी आला, वॅग्नर तिसऱ्यावर थांबला. स्टालच्या उरलेल्या दोन बाजूंना (९), वॅग्नरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूलाही (९). हूपर तिसरा बाद, तिरपी रेघ.

ताळा लगेच करून बघा. सहा बॅटर आले. एक धाव झाली, तिघे बाद झाले, वॅग्नर आणि हेन्रिक्सन हे दोघे बेसवर राहिले. एक, तीन आणि दोन मिळून सहा. प्रत्येक अर्ध्या इनिंगला ही बेरीज जमलीच पाहिजे, कारण बॅटिंगला आलेल्या माणसाला चौथी वाटच नसते: तो घरी येतो, बाद होतो किंवा बेसवर अडकून राहतो.

दहावी इनिंग, चौकटीमागून चौकट

आठव्या इनिंगपासून बोस्टनसाठी स्मोकी जो वुड पिचिंग करत होता. त्या हंगामात त्याने ३४ सामने जिंकले होते आणि फक्त ५ हरले होते. जायंट्सचा ख्रिस्टी मॅथ्यूसन सुरुवातीपासून टिकून होता.

वरच्या अर्ध्यात (पाहुण्यांच्या बॅटिंगमध्ये) स्नॉडग्रासने वुडकडेच चेंडू मारला: १-३, वर्तुळात १. मरेचा डबल: दोन आडव्या रेघा, दोन बाजू गडद. मर्कलची सेंटरकडे सिंगल: एक आडवी रेघ आणि ८. मरे घरी आला, त्याच्या उरलेल्या दोन बाजूंना (५), चौकोन रंगवा. स्पीकरला तो चेंडू नीट उचलता आला नाही आणि मर्कल दुसऱ्यावर पोचला. मर्कलच्या दुसऱ्या बाजूशेजारी ई८ लिहा. इथे चूक अशी होते की मर्कल दुसऱ्यावर दिसतो म्हणून लोक त्याला डबल देतात. हिट एकाच बेसची होती, दुसरा बेस फील्डरच्या चुकीमुळे मिळाला. हर्झॉग के, वर्तुळात २. मायर्सचा फटका वुडला लागला, तरी त्याने चेंडू उचलून पहिल्याला फेकला: पुन्हा १-३, वर्तुळात ३. ‘चेंडू वुडला लागला’ हे टिपांच्या जागेत लिहून ठेवा. चौकटीत त्याला जागा नाही, पण खालच्या अर्ध्याचा पहिला बॅटर वुड का नव्हता याचं कारण तिथे आहे.

ताळा: पाच बॅटर, एक धाव, तीन बाद, एक (मर्कल) बेसवर. जमला.

आता खालचा अर्धा, जायंट्स २-१ ने पुढे.

वुडच्या जागी एंगल आला. नागमोडी रेघ. त्याचा उंच फटका सेंटरला गेला, स्नॉडग्रासने हात लावला आणि चेंडू सुटला, एंगल दुसऱ्यावर. पहिल्या दोन बाजू गडद करा आणि दोन्हींना मिळून एकच ई८ लिहा. दोनदा लिहिलं तर बेरजेत दोन चुका होतात. हा हिट नाही, पण बॅटिंगची संधी (अ‍ॅट-बॅट, म्हणजे एबी) म्हणून मोजला जातो: एबी १, हिट ०.

जायंट्सच्या पानावर जरा वर बघा. दहाव्या इनिंगमध्ये तिथेही एक ई८ आहे, स्पीकरचा. एकाच इनिंगमध्ये दोन्ही सेंटर फील्डरांच्या नावावर चूक लागली. एकाची लोकांनी शंभर वर्षं आठवण ठेवली आणि दुसऱ्याची विसरले. स्कोअरकार्डात मात्र दोन्ही खुणा सारख्याच आकाराच्या आहेत आणि ते योग्यच आहे.

हूपर: एफ८, वर्तुळात १. झेल स्नॉडग्रासनेच घेतला, आणि आधीच्यापेक्षा कितीतरी अवघड. साध्या झेलाला जे लिहितात तेच इथेही लिहावं लागतं, म्हणून शेजारी एक तारा काढा. खेळीला दाद द्यायची ही जुनी सवय आहे. बेरजेत तारा मोजत नाहीत. या झेलानंतर एंगल दुसऱ्यावर राहिला की तिसऱ्यावर गेला, याबद्दल तुमच्या हातातले दोन वृत्तांत जुळत नसतील तर ती बाजू तुटक रेघेने काढा. अंतिम निकालाला त्याने फरक पडत नाही.

यर्कस: बीबी. मॅथ्यूसन चेंडूवरच्या ताब्यासाठी ख्यातनाम होता, त्याच्याकडून या क्षणी वॉक जाणं ही त्या इनिंगमधली खरी कलाटणी होती असं आमचं मत आहे.

स्पीकर: इथे कागद कमी पडतो. त्याने पहिल्या बेसच्या बाजूला एक उंच फाऊल मारला. मर्कल, मायर्स आणि मॅथ्यूसन यांच्या मधे तो पडला, कोणाचाही हात लागला नाही. याला ई लिहायचा मोह होतो. लिहू नका. खेळाडूंनी एकमेकांकडे बघत चेंडू पडू दिला तर तो विचाराचा घोटाळा ठरतो, आणि अशा घोटाळ्याला कोणा एका फील्डरच्या नावावर चूक न लावणं ही स्कोअररांची जुनी रीत आहे. त्यामुळे जिने सामना फिरवला त्या खेळीची चौकटीत खूणच उमटत नाही. स्पीकरच्या चौकटीत लहान तारा काढून खाली टिपेत ‘फाऊल पडला, ३-२-१ च्या मधे’ असं लिहा. ही टीप नसेल तर पुढे कार्ड वाचणाऱ्याला स्पीकरची सिंगल म्हणजे सरळसोट सिंगल वाटेल.

मग ती सिंगल: राइट फील्डला, एक आडवी रेघ आणि ९. एंगल घरी, शेजारी (३), चौकोन रंगवा, २-२. यर्कस तिसऱ्यावर, दोन्ही बाजूंना (३). चेंडू होमकडे फेकला गेला तेवढ्यात स्पीकर दुसऱ्यावर पोचला. त्या बाजूला ‘थ्रो’ लिहा. ही चोरी (पिचर चेंडू टाकत असताना पळून मिळवलेला बेस) नाही आणि चूकही नाही, आणि डबल तर मुळीच नाही.

लुईस: बीबी. हा मुद्दाम दिलेला होता, म्हणजे पहिला बेस भरून कुठल्याही बेसवर बाद करता यावं. टिपेत ‘मुद्दाम’ लिहा.

गार्डनर: राइट फील्डमध्ये डेव्होरकडे लांब झेल. एसएफ९ (‘एसएफ’ म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय: बॅटर बाद होतो पण त्या झेलावर धाव निघते), वर्तुळात २. यर्कस तिसऱ्यावरून धावत घरी, शेजारी (५), चौकोन रंगवा, ३-२. तिरपी रेघ मारू नका. ती तिसऱ्या बादासाठी असते आणि इथे तिसरा बाद झालाच नाही. त्याऐवजी चौकटीखाली दोन जाड आडव्या रेघा ओढा: सामना संपला.

ताळा: सहा बॅटर, दोन धावा, दोन बाद, बेसवर स्पीकर आणि लुईस. जमला.

धावा कोणाच्या नावावर

पिचरच्या खात्यावर धाव ‘अर्जित’ (फील्डरच्या चुकीशिवायही झाली असती अशी) धरायची की नाही, हे ठरवताना इनिंग चुकीशिवाय पुन्हा खेळवून बघायची असते. एंगलचा झेल घेतला गेला असं माना: एक बाद. हूपर दोन बाद. यर्कस वॉक, स्पीकर सिंगल, यर्कस तिसऱ्यावर, लुईस वॉक. गार्डनरचा झेल हा मग तिसरा बाद ठरतो आणि धाव होतच नाही. म्हणून या हिशोबाने दोन्ही धावा मॅथ्यूसनच्या खात्यावर अनर्जित. हे करताना पुष्कळ जण फक्त एंगलची धाव वगळतात आणि यर्कसची अर्जित धरतात, कारण यर्कस तर वॉकवर आला होता. तो कसा आला हे पुरेसं नाही. तो घरी पोचला त्याआधी इनिंग संपायला हवी होती का, हे बघायचं.

नियम १९१२ चे, आजचे नव्हेत

कार्ड त्या दिवशीच्या स्कोअररसारखं भरायचं की आजच्यासारखं, हे आधी ठरवा आणि मग मधे बदलू नका. अर्धं असं आणि अर्धं तसं भरलेलं कार्ड कुठल्याच जुन्या तक्त्याशी जुळत नाही.

सॅक्रिफाइस फ्लाय १९०८ पासून १९३० पर्यंत मान्य होता, म्हणजे गार्डनरला त्या खेळीची एबी लावायची नाही. पण तेव्हा तो बंटच्या (चेंडू बॅटने नुसता हळूच अडवण्याच्या) सॅक्रिफाइसबरोबर एकाच बेरजेत धरला जाई. जुन्या तक्त्यात तो वेगळा शोधत बसू नका. हाच सामना १९३१ च्या नियमाने भरला असता तर गार्डनरला एक एबी जास्त लागली असती. मुद्दाम दिलेल्या वॉकची वेगळी अधिकृत गणना १९५५ पासूनची, तेव्हा लुईसचा वॉक साधा बीबीच. कोणी किती धावा घरी आणल्या, ही बेरीज अधिकृत झाली १९२० मध्ये. तो रकाना आम्ही मुद्दामच आखलेला नाही. पिचरचा ‘सेव्ह’ (संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याची नोंद) १९६९ चा.

एक टप्पा पडून प्रेक्षकांत गेलेला चेंडू तेव्हा होम रन धरला जाई, आजच्यासारखा डबल नाही. १९३० च्या सुमारास ते बदललं. त्या काळचे सामने नोंदवताना हे लक्षात ठेवावं लागतं. याच हूपरने १९१५ च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात मारलेले दोन होम रन टप्पा पडून गेलेले होते. आजच्या सवयीने ते डबल करून ‘दुरुस्त’ करू नका.

शेवटचा ताळा

उजवीकडच्या सहा रकान्यांत जुन्या क्रमाने एबी, धावा, हिट, बाद करण्यात शेवटचा हात (पुटआऊट), साहाय्य (असिस्ट) आणि चुका भरा. यातले शेवटचे तीन प्रतिस्पर्ध्याच्या पानावरून मोजावे लागतात. जायंट्सचा डेव्होर किती झेलांत होता ते बोस्टनच्या चौकटींत लिहिलेलं असतं. १-३ मध्ये असिस्ट १ चा आणि पुटआऊट ३ चा. स्ट्राइकआऊटचा पुटआऊट कॅचरला जातो, पिचरला नाही, आणि पिचरला असिस्टही मिळत नाही. दहाव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात बोस्टनच्या स्टालला दोन पुटआऊट, केडीला एक आणि वुडला दोन असिस्ट आले पाहिजेत.

मग पूर्ण सामन्याचा ताळा. एका संघाच्या एबी, वॉक, सॅक्रिफाइस आणि चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा. दुसऱ्या बाजूला त्याच संघाच्या धावा, बेसवर राहिलेले आणि प्रतिस्पर्ध्याचे पुटआऊट यांची बेरीज. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. हिट जायंट्सच्या ९ आणि बोस्टनच्या ८ यायला हव्यात. चुकांचा आकडा एखाद्या वृत्तपत्राशी जुळला नाही तर लगेच खोडू नका; चूक द्यायची की हिट, हा स्कोअररच्या निर्णयाचा भाग असे आणि त्यामुळे तक्ते वेगळे निघत. एकच तक्ता आधार धरा, त्याचं नाव आणि तारीख टिपेत लिहा.

बेरीज एकाने चुकत असेल तर बहुतेक वेळा वॉकला एबी लावलेली असते. दोनाने चुकत असेल तर बदली खेळाडूच्या ओळीत बघा.

पिचरच्या ओळी: बेडियंट ७ इनिंग, वुड ३, मॅथ्यूसन ९ आणि दोन-तृतीयांश. बोस्टनचे पुटआऊट ३० भरतील आणि जायंट्सचे २९. हा २९ बघून एक बाद कुठे राहिला म्हणून शोधत बसू नका. त्या आकड्यावर तारा काढा आणि कागदाच्या तळाशी, जुन्या तक्त्यांच्या रिवाजाप्रमाणे, लिहा: विजयी धाव निघाली तेव्हा दोन बाद.